आपला विश्वास दुसऱ्याला सांगताना काय झालं? अनुभव लिहा

मंडळी, सगळ्यांना सलाम. मागच्या रविवारी उपासना सुटल्यावर आपल्या चर्चच्या आवारात चहा घेताना विषय निघाला की आपण प्रभूबद्दल बाहेर कुणाशी बोलतो का. वीसेक जण होतो, सगळे एकदम गप्प झाले. साक्ष द्या, म्हणजे आपला विश्वास दुसऱ्याला सांगा, हे आपण लहानपणापासून ऐकतोय पण सोमवारी सकाळी पीएमपीएमएलच्या बसच्या गर्दीत नाहीतर ऑफिसात ती द्यायची कशी हे कुणी बसून सांगत नाही. म्हणून हा धागा. चांगलं झालं ते लिहा, फसलं तेही लिहा. फक्त नावं नकोत, आणि ज्याच्याबद्दल लिहिताय त्याने वाचलं तर त्याला वाईट वाटू नये एवढं बघा.

माझ्या डोक्यात यावेळी सारखे कवी रेव्ह. नारायण वामन टिळक येतात. नागपूरहून राजनांदगावला जाताना रेल्वेच्या डब्यात एक गोरा सहप्रवासी भेटला, कवितेवरून गप्पा सुरू झाल्या, उतरताना त्याने बायबलचा नवा करार हातात दिला. १८९५ साली टिळकांनी बाप्तिस्मा घेतला आणि आज आपण दर रविवारी त्यांची भजनं म्हणतो. सुरुवात काय, तर कवितेच्या गप्पा. तेवढं तर आपल्याला जमेल ना?

हिंजवडी, आयटी

माझं आडनाव एकदम मराठी, आजोबा नगरकडचे, मिशनच्या शाळेत मास्तर होते. त्यामुळे ऑफिसात पहिली चार वर्षं कुणाला पत्ताच नव्हता. नाताळची सुट्टी टाकली की मग सुरू व्हायचं, अरे तू ख्रिश्चन? म्हणजे कन्व्हर्टेड का? किती पैसे मिळाले रे? मी हसून सोडून द्यायचो पण आतून खूप लागायचं, कारण आजोबांनी काय सोसलं ते मला माहितीये आणि आपण त्यांच्या बाजूने एक वाक्य बोललो नाही हेही माहितीये.

मग एकदा कॅन्टीनला डबा उघडला, नेहमीसारखे दोन सेकंद डोळे मिटले, तर समोरचा म्हणाला, तू रोज हे काय पुटपुटतोस? मी म्हटलं, भाकरीबद्दल देवाचे आभार मानतो. एवढंच? म्हटलं, नाही, आणखी एक आहे. माझ्या सख्ख्या भावाने गावच्या जमिनीत मला फसवलं, सहा वर्षं आम्ही बोलत नव्हतो, जेवणाआधी मी त्याचंही नाव घेतो, कारण प्रभूने माझं एवढं माफ केलंय तर मी त्याचं धरून ठेवू शकत नाही. पोळी हातात तशीच धरून तो ऐकत होता. मग काही न बोलता आम्ही जेवलो. तीन महिन्यांनी रात्री साडेअकराला त्याचा फोन, ते माफीचं परत सांग ना जरा, घरी फार वाजलंय. मी तासभर बोललो, त्यातला पाऊण तास खरं तर तोच बोलला. पुढे काय झालं ते त्याच्या घरातलं आहे, इथे लिहीत नाही.

नर्स, नाइट ड्युटी

माझा अनुभव चुकीचा आहे, तरी लिहिते.

एक आजी होत्या, खुब्याचं ऑपरेशन झालेल्या. रात्री दोनला कळवळत होत्या, मी सलाइन बघून जवळ बसले, हात धरला आणि म्हणाले आजी मी प्रभू येशूजवळ तुमच्यासाठी प्रार्थना करू का? त्या हो म्हणाल्या, मी केली, मोठ्याने केली. सकाळी लेक आली तिला त्यांनी सांगितलं असणार. ती मला बाजूला घेऊन गेली, ओरडली नाही, हळू आवाजात म्हणाली, सिस्टर तुम्ही मनापासून केलंत ते कळतं, पण आई तुम्हाला नाही कशी म्हणेल, तिची लघवीची पिशवीसुद्धा तुम्ही बदलता.

मला रडू आलं. ती शंभर टक्के खरं बोलत होती. ज्याला नाही म्हणता येत नाही त्याच्या 'हो'ला काय अर्थ. येशूने तर आंधळ्या बार्तिमयालासुद्धा आधी विचारलं होतं, मी तुझ्यासाठी काय करावं म्हणून. तेव्हापासून पेशंटने स्वतःहून विचारल्याशिवाय मी बोलत नाही, बेडनंबर लक्षात ठेवते आणि घरी जाऊन त्यांच्यासाठी प्रार्थना करते. कुणाला हे भित्रेपणाचं वाटेल, मला नाही वाटत.

रिक्षा, स्वारगेट

काचेवर मागे लिहिलंय, अहो कष्टी व भाराक्रांत जनहो, तुम्ही सर्व माझ्याकडे या. बाकी मी काही बोलत नाही. सिग्नलला लोक वाचतात, कधी कुणी विचारतं हे कुणाचं वाक्य आहे, मग सांगतो. मीटरने जातो. काचेवर ते लिहून जास्त पैसे मागता येत नाहीत.

वडगाव शेरी, गृहिणी

आमच्या मजल्यावरच्या काकू गणपतीत प्रसाद आणायच्या तेव्हा सुरुवातीला मी दारातूनच नको म्हणायचे. आमच्यात घेणारेही आहेत आणि न घेणारेही, तो वाद इथे नको. पण मी कारण न सांगता दार लावायचे ते चुकलं. एका वर्षी त्यांना आत बोलावलं, पाणी दिलं, म्हटलं काकू राग मानू नका, देवापुढे ठेवलेलं मी घेत नाही, पण तुमच्या हातचं एरवी काहीही खाईन. दुसऱ्या दिवशी नैवेद्याआधी बाजूला काढलेले पाच मोदक डब्यात घालून आल्या! नाताळात त्याच डब्यातून माझ्या करंज्या गेल्या. तुमच्या देवाचा जन्म गोठ्यात का झाला हो, असं त्यांनी विचारलं तेव्हा कुकरच्या तीन शिट्ट्या होऊन गेल्या तरी मी बोलतच होते.

पत्रकं वाटणारा, हडपसर

वरचे सगळे विचारल्यावरच बोलतात. मी न विचारता बोलतो, वीस वर्षं. मला कुणी विचारलं नव्हतं तरी एकाने फुटपाथवर माझ्या हातात शुभवर्तमान ठेवलं, तेव्हा मी दारूत होतो. तो विचारायची वाट बघत थांबला असता तर मी मेलो असतो. हल्ली मात्र भीती वाटते हे खरं, एकदा पोरांनी घेरलं, पत्रकं फाडली.

धागाकर्ता

दादा, तुमचं म्हणणंही खरंय. घटनेच्या कलम २५ ने धर्माचा प्रसार करायचा हक्क सगळ्यांनाच दिलाय, आणि १९७७ साली सुप्रीम कोर्टाने सांगितलं की प्रसार म्हणजे आपली शिकवण मांडणं, दुसऱ्याला धर्मांतरित करणं हा काही हक्क नव्हे. मला ही रेष विश्वासाच्या बाजूनेही पटते. मन पालटणं देवाचं काम, आपण सांगायचं आणि बाजूला व्हायचं. एकटे जाऊ नका मात्र.

नाव देत नाही, कोथरूड

मी स्वतः दुसऱ्या धर्माच्या घरातून आले. बाप्तिस्म्याला आता नऊ वर्षं झाली. मला विश्वास सांगणं सगळ्यात अवघड कुठे गेलं तर आईजवळ. लक्ष्मीबाई टिळकांचं वाचून धीर आला, नवऱ्याच्या बाप्तिस्म्यानंतर काही वर्षं त्या वेगळ्या राहिल्या, आणि १९०० साली स्वतःच्या मनाने बाप्तिस्मा घेतला. म्हणजे रागालाही वेळ द्यावा लागतो. आई दोन वर्षं बोलली नाही. मी दर रविवारी दुपारी फोन करायचे, ती उचलून कानाला लावायची आणि गप्प बसायची, मी भाजी काय केली ते सांगायचे. आता ती म्हणते, तू पहिल्यापेक्षा कमी चिडतेस. येशूचं नाव काढत नाही. मी पण घाई करत नाही, पण आशा सोडलेली नाही.

नाना पेठ

पालख्या मुक्कामाला येतात तेव्हा आम्ही काही जण वारकऱ्यांना पाणी देतो, पाय चेपून देतो, पत्रक अजिबात देत नाही. टिळक म्हणायचे की आपण तुकोबांच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो, मग त्या पुलावरच्या माणसांचे पाय धुवायला काय हरकत आहे. फोड आलेला पाय हातात घेतला की सगळे वाद विसरायला होतात.

वाचक, सदाशिव पेठ

मी ख्रिस्ती नाही, लिहिलं तर चालेल ना? १८९० साली पंचहौद मिशनमध्ये चहा घेतला म्हणून लोकमान्य आणि न्यायमूर्ती रानड्यांवर ग्रामण्य, म्हणजे जातीचा बहिष्कार, आलं त्याच पुण्यातले आम्ही, आजीच्या तोंडून ती गोष्ट ऐकलेली. आमच्या शेजारी एक ख्रिस्ती गृहस्थ आहेत. बाबा अंथरुणाला खिळले तेव्हापासून रोज रात्री साडेनऊला येतात आणि मला त्यांना कुशीवर वळवायला मदत करतात, पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून. आठ महिने झाले, धर्माचं अवाक्षर नाही. शेवटी बाबांनीच विचारलं, तुमच्या त्या पुस्तकात काय आहे वाचून दाखवा. आता रोज थोडं येशूचं डोंगरावरचं प्रवचन वाचतात. धर्म बदलायचा आमचा विचार नाही हे आत्ताच सांगतो. पण ते पुढच्या आठवड्यात गावी जातायत आणि बाबांना दुपारी स्वतः वाचायचंय, मोतीबिंदूमुळे बारीक दिसत नाही. मोठ्या टाइपातलं मराठी मिळेल का कुठे?

धागाकर्ता

माझ्या वडिलांचं आहे, मोठ्या अक्षराचं. समासात त्यांनी पेन्सिलीने खुणा केल्यात, चालत असेल तर घेऊन जा. रविवारी उपासना सुटली की पंचहौदच्या फाटकाशी उभा राहतो. वाचून झालं की परत आणायची घाई नाही.