जागलीसाठी अन् जायकवाडीच्या पाखरांसाठी ८-१० हजारांत कोणती दुर्बीण घ्यावी?

जिंतूर_आखाडा (प्रश्न)

जमीन माळाला लागून आहे. तूर अन् हरभरा. दिवस मावळताना आणि तांबडं फुटताना रोही (नीलगाय), रानडुकरं कोणत्या धुऱ्यानं शिरतात ते आखाड्यावरूनच बघायचंय, म्हणजे जागल नेमकी त्या बाजूला लावता येईल. अंतर ३०० ते ६०० मीटर. हिवाळ्यात जायकवाडीलाही न्यायची आहे. बजेट ८ हजार, ओढूनताणून १०. बाजारात ‘शिकारीची दुर्बीण’ म्हणून २०x५०, १०-३०x६० असल्या दोन-तीन हजारांत मिळतात. आकडा मोठा म्हणजे लांबचं दिसणार, बरोबर ना? मला चष्मा आहे. रात्रीही दिसलं तर बरं.

काळीमाती_नांदेड

भाऊ, आधी ‘शिकारी’ या शब्दाचं बघू. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ पासून आहे. रोही असो की रानडुक्कर, वनखात्याच्या परवानगीशिवाय हात लावायचा नाही. नुसतं बघायला मात्र कुणाची आडकाठी नाही. दुर्बिणीवर हिरवं-मातकट रबर चढवलं की तिला ‘शिकारीची’ म्हणून विकतात, आतल्या काचेत त्यानं काडीचा फरक पडत नाही.

आता आकडा. ८x४२ मध्ये ८ म्हणजे किती पट जवळ दिसणार, आणि ४२ म्हणजे पुढच्या भिंगाचा व्यास, मिलिमीटरमध्ये. दुसऱ्याला पहिल्यानं भागा : ४२ भागिले ८ म्हणजे ५.२५. डोळ्यापर्यंत प्रकाशाची जी चकती पोचते, तिचा हा व्यास. दुर्बीण हातभर लांब धरून आभाळाकडे करा, मागच्या भिंगात ती चकती लख्ख दिसते.

सगळी मेख इथंच आहे. भर दुपारी आपल्या डोळ्याची बाहुली दोन-तीन मिलिमीटर उघडते, अंधारून आलं की पाच किंवा जास्त. (पन्नाशीनंतर ती तेवढी उघडत नाही.) २०x५० ची चकती फक्त अडीच मिलिमीटरची. दुपारी चालून जाईल, पण डुक्कर दुपारी येत नाही. ते येतं त्या वेळेला २०x मध्ये तुरीचा नुसता काळा पट्टा दिसेल, ८x४२ मध्ये त्याच तुरीत हललेलं अंग कळेल.

दुसरं, हात थरथरतो. ८x बहुतेकांच्या हातात स्थिर राहते, १०x ला कोपर टेकवावं लागतं, २०x तिपाईशिवाय निरुपयोगी. तिसरं, पट वाढली की दिसणारा पट्टा अरुंद होतो. चांगल्या ८x मध्ये हजार मीटरवर साधारण १३० ते १४० मीटर रुंदीचं रान एका वेळी दिसतं, २०x मध्ये त्याच्या निम्मंसुद्धा नाही. कळप कुठं आहे ते शोधण्यातच उजाडायचं.

तुमच्या ६०० मीटरचा हिशेब करा. ८x मध्ये ते जनावर ७५ मीटरवर उभं असल्यासारखं दिसेल. डुक्कर, रोही की मोकाट जनावर, हे ओळखायला तेवढं पुष्कळ झालं.

१०-३० वाली झूम तर घेऊच नका. झूम फिरवताना दोन्ही नळ्या एकमेकींशी जुळून राहत नाहीत, दहा मिनिटांत डोळे दुखायला लागतात. लालभडक चमकणाऱ्या काचेचीही नको. ती काच लाल प्रकाश बाहेरच परतवते, चित्र हिरवट अन् मंद पडतं.

नाथसागर_पैठण

वरचं शेतापुरतं पटलं. जायकवाडीसाठी मात्र मी १०x म्हणेन. अभयारण्य १९८६ पासून आहे, पण पाणी हटलं की रोहित (फ्लेमिंगो) अन् पट्टकदंब ही पाणपाखरं दूर गाळावर असतात, काठावरून ८x कमी पडते. तरीही एकच घ्यायची असेल तर तुमचं रोजचं काम शेतातलं, म्हणून ८x४२. एक मात्र लक्षात असू द्या. उन्हाळ्यात ११ ते ४ काळी जमीन तापून हवा लहरते, तेव्हा १०x काय अन् २०x काय, मोठी होऊन दिसते ती लहरच.

तुमचा निर्णय चष्म्यावर अडतो. नुसता जवळचा किंवा लांबचा नंबर असेल तर चष्मा काढा, दुर्बिणीचं चाक तो नंबर भरून काढतं. सिलिंडरचा नंबर (चष्म्याच्या चिठ्ठीवर CYL लिहितात तो) बऱ्यापैकी असेल तर ते जमत नाही, चष्मा घालूनच बघावं लागतं. मग ‘आय रिलीफ’, म्हणजे डोळा मागच्या भिंगापासून किती लांब ठेवूनही पूर्ण चित्र दिसतं ते अंतर, किमान १५ मिलिमीटर हवं. कमी असलं की भोकातून डोकावल्यासारखं दिसतं.

या पैशात दोन जाती आहेत. नळी मध्येच वाकडी असलेली पोरो आणि सरळ नळीची रूफ. त्याच पैशात पोरोचं चित्र जास्त उजळ अन् खोल दिसतं, कारण रूफच्या प्रिझमला (आत प्रकाश वळवणाऱ्या काचेला) वेगळे लेप लागतात आणि स्वस्तात ते गाळलेले असतात. निकॉन ॲक्युलॉन ए२११ ८x४२ आणि ऑलिम्पस ८x४० डीपीएस-१ या दोन्ही पोरो चांगल्या, पण आय रिलीफ १२ मिलिमीटरच्या आसपास आणि पावसाचं पाणी सोसत नाहीत. चष्मा काढता येत असेल तर डोळे झाकून यातली एक घ्या.

चष्म्यासकट बघायचं असेल तर निकॉन प्रोस्टाफ पी३ ८x४२ किंवा सेलेस्ट्रॉन नेचर डीएक्स ८x४२. दोन्ही रूफ, आत नायट्रोजन वायू भरून बंद केलेल्या, पाण्याची भीती नाही. बजेटच्या थोड्या वर जातील. दोन महिने थांबून घ्या, पण तीन हजारांची घेऊन पैसे मातीत घालू नका.

भिंग_लातूर

दुकानात हातात घेतल्याशिवाय पैसे देऊ नका. एकाच मॉडेलच्या दोन नगांतही फरक असतो.

वर सांगितलेली चकती पूर्ण गोल हवी. कडा करड्या अन् चौकोनी कापल्यासारख्या दिसल्या तर प्रिझम हलक्या काचेचा आहे. ‘बीएके-४’ ही प्रिझमची चांगली काच, ती असेल तर चकती गोल दिसते. मग बाहेरच्या विजेच्या आडव्या तारेवर रोखा आणि दुर्बीण डोळ्यांपासून हळूहळू वीतभर मागं आणा. दोन्ही गोलांत तार एकाच उंचीवर राहिली पाहिजे. एकीकडं वर, एकीकडं खाली गेली तर नळ्या जुळलेल्या नाहीत. मेंदू ओढून ताणून चित्र जुळवतो, म्हणून दुकानात दोन मिनिटांत कळत नाही, घरी डोकं दुखतं. जुनी घेत असाल तर पुढच्या भिंगातून मोबाईलची बॅटरी मारा. आत कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसले तर बुरशी आहे, फुकट मिळाली तरी नको.

घरी आणल्यावर जुळवणी एकदाच करायची असते. आधी मधली बिजागरी दाबून दोन गोलांचा एक गोल होऊ द्या. उजव्या नळीला पुढून टोपण लावा आणि लांबच्या पाटीवर मधलं चाक फिरवून डाव्या डोळ्याला स्पष्ट करा. मग टोपण डावीला लावा आणि मधल्या चाकाला हात न लावता उजव्या डोळ्याजवळचं कडं फिरवून तीच पाटी स्पष्ट करा. कड्याची खूण ध्यानात ठेवा. डोळा मिटू नका, टोपणच लावा, डोळा मिटला की दुसऱ्यावर ताण येऊन माप चुकतं. चष्म्यासकट बघताना मागची रबरं खाली बसवा. ‘स्वस्त दुर्बीण धूसर आहे’ अशा तक्रारींत पुष्कळदा हे कडंच चुकलेलं असतं.

काच उपरण्यानं किंवा शर्टाच्या टोकानं कधीच पुसू नका. काळ्या मातीच्या धुळीत बारीक कच असते, ती लेपावर ओरखडे काढते. आधी रबरी फुग्यानं हवा मारा, मग मऊ ब्रश, सगळ्यात शेवटी भिंगाचं कापड. पावसाळ्यात घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसोबत ठेवा. एप्रिल-मेमध्ये पत्र्याच्या आखाड्यात ठेवू नका, आतलं ग्रीस पातळ होऊन काचेवर येतं.

आणि सकाळी उगवतीकडं बघताना सूर्यावर क्षणभरही रोखू नका. डोळा कायमचा जातो.

जिंतूर_आखाडा

सिलिंडरचा नंबर आहे, म्हणजे प्रोस्टाफ किंवा नेचर डीएक्स. थांबून घेतो. रात्रीचं तेवढं सांगा.

काळीमाती_नांदेड

दुर्बीण प्रकाश तयार करत नाही, आहे तो गोळा करते. पौर्णिमेच्या आसपास ८x४२ नं उघड्या रानातलं अंग दिसतं, अवसेला काही नाही. दोन-तीन हजारांत ‘नाईट व्हिजन’ लिहून येतात त्या रंगीत काचेच्या साध्याच दुर्बिणी.

दूर मारा असलेली बॅटरी दुसऱ्याच्या हातात द्या आणि तुम्ही दुर्बीण धरा. उजेडात रोहीचे डोळे चमकतात, बांधावरचं कुत्रं-मांजरही चमकतं. डुकराचे तसे चमकत नाहीत, त्याच्या डोळ्यात मागं परावर्तन करणारा पडदाच नसतो. म्हणून डोळे दिसले नाहीत म्हणजे रान मोकळं, असं धरू नका. तुरीची ओळ हलते का आणि खालून पाठीचा काळा फुगवटा सरकतो का, ते बघा.