पैसे लावून पोकर : घरी, मोबाइलवर आणि गोव्यात कायदा काय म्हणतो?

चौकटचा_राजा (पुणे)
आम्ही काही मित्र एकमेकांच्या घरी जमून थोडे पैसे लावून पोकर खेळतो. आमच्यापैकी काहीजण अ‍ॅपवरही खेळत असत, परंतु ऑगस्ट २०२५ मध्ये तेथील पैशांचे डाव बंद झाले. पोकर हा कौशल्याचा खेळ असल्याचे न्यायालयांनी मान्य केले आहे, असे आजवर ऐकत आलो. मग ही बंदी कशाच्या आधारे आली आणि आमचा घरचा डावही आता गुन्हा ठरतो का?

सनदी
बंदी आली ती ऑनलाइन खेळांविषयीच्या केंद्रीय कायद्यामुळे, ज्याला २२ ऑगस्ट २०२५ रोजी राष्ट्रपतींची संमती मिळाली. पैसे भरून आणि पैसे जिंकण्याच्या अपेक्षेने ऑनलाइन खेळला जाणारा खेळ कौशल्याचा आहे की नशिबाचा, हा प्रश्नच या कायद्याने गैरलागू ठरवला. असा खेळ पुरवणाऱ्यास ३ वर्षांपर्यंत कारावास, १ कोटी रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात, आणि जाहिरात करणाराही सुटत नाही. नुसत्या खेळणाऱ्याला मात्र शिक्षा ठेवलेली नाही. 'जुगार' हा राज्यसूचीतील, म्हणजे राज्यघटनेने राज्यांच्या विधिमंडळांकडे सोपवलेला विषय असताना संसदेला असा कायदा करता येतो का, या मुद्द्यावरील याचिका सर्वोच्च न्यायालयाने स्वतःकडे घेतल्या आहेत.

कौशल्याबद्दल आपण जे ऐकले, ते रमीला अधिक लागू पडते. १९६८ च्या सत्यनारायण खटल्यात रमी प्रामुख्याने कौशल्याची मानली गेली. पोकरला मात्र गुजरात उच्च न्यायालयाने २०१७ मध्ये जुगारच ठरवले, तर पश्चिम बंगालच्या १९५७ च्या कायद्याने त्याला जुगाराच्या व्याख्येतूनच वगळले आहे.

दख्खनी
घरच्या डावाला हा नवा कायदा लागत नाही. तेथे १८८७ चा मुंबई जुगार प्रतिबंधक कायदा पाहावा लागतो. त्याचा रोख प्रामुख्याने जुगाराच्या अड्ड्यावर आहे, म्हणजे जेथे जागेचा किंवा साहित्याचा मालक खेळातून स्वतःचा नफा काढतो अशा ठिकाणावर. त्यामुळे यजमान प्रत्येक डावातून वाटा कापून घेत असेल किंवा बसण्याचे पैसे आकारत असेल, तर प्रकरण सरळ अंगाशी येऊ शकते. कलम १३ निव्वळ कौशल्याच्या खेळांना सूट देते, पण पोकरसाठी त्या सुटीवर विसंबून राहण्याचा सल्ला मी देणार नाही.

चौकटचा_राजा (पुणे)
आभारी आहे. आमच्याकडे कोणीही वाटा घेत नाही. मग गोव्यात हेच उघडपणे कसे चालते?

सनदी
गोव्याने १९७६ च्या आपल्या जुगारविरोधी कायद्यात १९९२ मध्ये कलम १३-अ घालून पंचतारांकित हॉटेलांना यंत्रांवरील खेळांची मुभा दिली आणि पुढे ती जहाजांवरील टेबलांपर्यंत वाढवली. मांडवीतील कॅसिनो त्याच परवान्यावर उभे आहेत. महाराष्ट्रानेही १९७६ मध्येच कॅसिनोंसाठी कायदा केला होता, पण तो कधी अमलात आला नाही आणि २०२३ मध्ये रद्दच झाला. त्यामुळे गोव्याचा दाखला पुण्यात उपयोगी पडणार नाही.