मदत हवी आहे: दिवाळीच्या सुट्टीत गडहिंग्लज-आजरा-चंदगडात चार दिवस, सोबत गुडघेवाले बाबा आणि बेडूकवेडी मुलगी

रिकामटेकडा_ठाणेकर

नमस्कार मंडळी,

माझी सासरवाडी नेसरीजवळच्या एका खेड्यात. दर दिवाळीला जाणं होतं, पण जाणं म्हणजे काय, तर भाऊबीज, तांबडा-पांढरा, दुपारची झोप आणि निघताना डिकीत गुळाची ढेप. कोल्हापूर जिल्ह्याचं हे दक्षिण टोक आम्ही गाडीच्या काचेतूनच काय ते बघितलंय. यंदा बायकोनं बजावलंय, 'माझ्या माहेरी येऊन झोपायचं असेल तर ठाण्यातच झोप.'

माणसं चार. बाबा ७२ वर्षांचे, सपाटीवर तासभर आरामात चालतात, पायऱ्या दिसल्या की आधी खालून मोजतात. मुलगी ११ वर्षांची, तिला देवळं आणि 'व्ह्यू पॉइंट' नकोत. बेडूक, मासे, सरडे, किडे हवेत. बायकोला गर्दी नको. मला एक तरी किल्ला पायाखालून घालायचाय. गाडी स्वतःची आहे. चार दिवस हाताशी आहेत, त्यातली एखादी रात्र बाहेर काढायला हरकत नाही.

आंबोलीला मुक्काम करावा की सासरवाडीहूनच रोज ये-जा जमेल? बाबांना झेपेल असा किल्ला या भागात आहे का? आणि हत्ती फिरतात म्हणे, ते कितपत खरं? सासरे 'काही होत नाही' म्हणतात, पण ते सगळ्यालाच तसं म्हणतात.

धुक्यातला_वाटसरू

सरळ आंबोली गाठा. कावळेसाद, महादेवगड, नांगरतास, हिरण्यकेशी, एका दिवसात सगळं उरकतं. हॉटेलं भरपूर आहेत. उरलेले दिवस सावंतवाडी-वेंगुर्ल्याकडे उतरा, मासे खा. चंदगडात तसं बघण्यासारखं विशेष नाही.

घाटमाथ्यावरची

वरच्या प्रतिसादातलं शेवटचं वाक्य वाचून लॉगिन केलं. चंदगडात बघण्यासारखं नाही?

ठाणेकर, तुमच्या बाबांचा प्रश्न चंदगड तालुका जितका सहज सोडवेल तितका दुसरा कुठला सोडवणार नाही. कारण साधं आहे. इथल्या पारगड, गंधर्वगड आणि महिपाळगड या तीन गडांवर आजही वस्ती आहे. माणसं राहतात म्हणून रस्ते आहेत, कुठे ना कुठे चहा मिळतो, आणि बाबा दमले तर कुणाच्याही ओसरीवर टेकता येतं.

महिपाळगड बाबांसाठी पहिला. बेळगाव रस्त्यावर शिनोळीच्या बाजूने देवरवाडीला वळायचं. पायथ्याशी वैजनाथाचं जुनं देऊळ आहे, ते चुकवू नका. वर अख्खं गाव आहे आणि खडकात खोदलेली खोल विहीर आहे. मुलीचा हात धरून मगच आत डोकवा. गंधर्वगड वाळकुळीच्या वर. तिथे चाळोबाचं देऊळ, थोडी तटबंदी, बाकी घरं आणि शेतं. 'किल्ला' म्हणून गेलात तर हिरमोड होईल. डोंगरावरचं गाव बघायला गेलात तर आवडेल.

पारगड मात्र वेगळाच. चंदगडहून साधारण ३० किलोमीटर, शेवटचा टप्पा जंगलातून, वळणावळणाचा. गड महाराष्ट्र-गोव्याच्या सीमेवर आहे आणि वरून गोव्याकडचं रान दिसतं. शिवाजी महाराजांनी तानाजी मालुसऱ्यांचे चिरंजीव रायबा यांना इथली किल्लेदारी दिली. चंद्र-सूर्य आहेत तोवर गड जागता ठेवा, असं महाराजांनी बजावल्याचं गडकरी सांगतात. मालुसऱ्यांचे वंशज आजही तिथे राहतात, भवानीच्या देवळात दसरा होतो. कामधंद्यासाठी बरेच जण मुंबई-पुण्याला गेलेत, पण दिवाळीत घरं उघडी असतात. म्हणजे तुम्ही योग्य वेळी जाताय. पायऱ्या बऱ्याच आहेत. गाडी कुठवर नेता येईल ते गावातच विचारा आणि बाबांचं तिथे पोचल्यावर ठरवा.

तुम्हाला एकट्याला पाय मोकळे करायचे असतील तर काळिवड्यातून कलानिधीगड चढा. सकाळी लवकर.

निसर्गशाळा

मुलीबद्दल थोडं. बेडकांसाठी तुमची वेळ चुकतेय. आंबोलीच्या बेडकांची खरी धमाल जून ते ऑगस्ट, तेव्हा रात्री टॉर्च घेऊन जाणकार माणसाबरोबर फिरायचं असतं. झाडाच्या फांदीवर फेसाचं घरटं करणारा मलबार उडता बेडूक तेव्हाच दिसतो. तिथे 'आंबोली टोड' म्हणून एक भेक आहे. तो जगात फारच थोड्या जागी सापडतो आणि पहिल्या पावसात काही दिवसच मोठ्या संख्येने बाहेर येतो. दिवाळीत यातलं काही मिळेल अशी आशा तिला लावू नका.

पण मासे आहेत! हिरण्यकेशी नदी आंबोलीत एका गुहेतून बाहेर पडते, तिथे देऊळ आणि कुंड आहे. त्या पाण्यातल्या एका छोट्या माशाची नवी प्रजाती म्हणून २०२० साली नोंद झाली, नावच शिस्टुरा हिरण्यकेशी. २०२१ मध्ये सरकारने ती जागा जैवविविधता वारसा स्थळ म्हणून जाहीर केली. मुलीला आधी एवढं सांगून ठेवा आणि मग तिला काठावर पालथं पडून बघू द्या. पाण्यात उतरायचं नाही, बाटलीत काही भरायचं नाही, बिस्किटं टाकायची नाहीत.

आणखी एक सुचवते. एक पूर्ण दिवस ही नदीच धरा. हीच हिरण्यकेशी पुढे आजरा, गडहिंग्लज, संकेश्वर करत घटप्रभेला मिळते. तुम्ही उलटे जा. गडहिंग्लजला पुलावरून तिचं संथ, रुंद पात्र दाखवा. मग आजऱ्याजवळ रामतीर्थ: काळ्या खडकांतून पाणी घसरत जातं, काठावर रामाचं देऊळ, बाबांना सावलीत बसायला छान. शेवटी आंबोलीत उगम. सकाळी जी नदी ओलांडायला पूल लागला ती दुपारी एका उडीत पार होते, हे ११ वर्षांच्या मुलीला पुस्तकातून कळणार नाही. रामतीर्थाला खडकांवर शेवाळ असतं, कातळ सोडून पुढे जाऊ नका.

आप्पा_कागलकर

पाव्हणं, सासरवाडी नेसरीची आणि परतापराव गुजरांचं स्मारक बघितलं न्हाई? सासऱ्यांस्नी सांगू नकासा, जेवान बंद करतील.

रिकामटेकडा_ठाणेकर

@आप्पा, स्मारकाला गेलोय हो! लग्नानंतर पहिल्याच दिवाळीत सासऱ्यांनी तिथे उभं करून सातही वीरांची नावं माझ्याकडून म्हणून घेतली होती. तेवढी परीक्षा पास आहे.

@घाटमाथ्यावरची, @निसर्गशाळा, मनापासून आभार. नदीचा बेत बायकोला वाचून दाखवला, लगेच मंजूर. मुलगी 'शिस्टुरा, शिस्टुरा' करत घरभर फिरतेय. आता हत्तींचं कुणीतरी स्पष्ट सांगा. आणि दाजीपूरचं जंगलही बसवावं का?

समानगडचा_शिलेदार

दाजीपूर सोडा. अभयारण्य चांगलंच आहे, पण ते राधानगरीकडे. नेसरीहून जाऊन-येऊन दिवस गाडीतच जाईल आणि गवे दिसतीलच असं नाही. ती सहल कोल्हापूरला मुक्काम करून वेगळी करा.

त्यापेक्षा गडहिंग्लजपासून दहा-बारा किलोमीटरवरचा समानगड कुणीच कसा सुचवला नाही? गाडी वर जाते, माथा सपाट, बाबा आरामात फिरतील. कमानींच्या आत पायऱ्या उतरत जाणारी विहीर ही या गडाची शान. अशा आणखीही विहिरी आहेत, पण मुलीला ती आधी दाखवा. १८४४ साली इथल्या गडकऱ्यांनी इंग्रजांविरुद्ध बंड केलं. वंशपरंपरेने चालत आलेली गडाची चाकरी आणि तिच्या जमिनी यांवर गदा आली होती. त्यांनी दरवाजे लावून घेतले, इंग्रजांनी तोफा आणून गड घेतला. १८५७ च्या तेरा वर्षं आधीची ही गोष्ट. शाळेत आम्हाला दोन ओळींत शिकवली, म्हणून इथे चार ओळी लिहिल्या. भाऊबीजेच्या दिवशी दुपारी चारला निघालात तरी दिवेलागणीच्या आत घरी.

काजूवाला_चंदगड

हत्तींचं मी सांगतो, आमच्याच शेतात येतात.

खरं आहे. वीसेक वर्षांपासून कर्नाटकाच्या बाजूने दोडामार्ग, चंदगड, आजरा या पट्ट्यात हत्तींची ये-जा आहे. कळप मोठा नाही, पण एखादा टस्कर एकटाच फिरत असतो आणि तोच जास्त धोक्याचा. तुम्ही येताय तेव्हा भात कापणीला आलेलं असतं, ऊस उभा असतो, म्हणजे त्याच्यासाठी ताट वाढलेलंच. लोक रात्री माळ्यावर जागतात, फटाके वाजवतात. दिवसा मुख्य रस्त्यावर भिण्याचं कारण नाही. पारगड आणि तिलारीच्या बाजूचे जंगलातले रस्ते मात्र सूर्य मावळायच्या आत सोडायचे. वाटेत गावकऱ्याने हात करून थांबवलं तर थांबा, काच खाली करून ऐका. हत्ती दिसलाच तर हॉर्न नाही, फोटो नाही, हळूच गाडी मागे.

आता ज्याला खरं भ्यायचं ते. त्या दिवसांत साखर कारखान्यांचा गळीत हंगाम सुरू होतो. रात्री ऊसाचे ट्रॅक्टर दोन-दोन ट्रॉल्या ओढत असतात, मागे दिवा नाही, रिफ्लेक्टर नाही, बाहेर आलेला ऊस थेट काचेच्या उंचीला. आमच्याकडे हत्तीपेक्षा या ट्रॉल्यांच्या धडकेची बातमी जास्त वेळा येते. संकेश्वर-बांदा महामार्ग आता रुंद झालाय म्हणून पाय दाबायचा मोह होतो, तो आवरा.

आणि तिलारी घाट नवख्याने भरल्या गाडीने उतरू नये. उतार फार तीव्र आहे. कोकणात उतरायचं असेल तर आंबोली घाटच बरा.

घाटमाथ्यावरची

मुक्कामाचं राहिलंच. आंबोलीत नको, चौकुळला करा. आंबोलीहून दहाएक किलोमीटर आत, गावातल्या घरांत राहायची सोय आहे. फोन करूनच जा, दिवाळीत घरची माणसं असतात त्यामुळे खोली मिळेलच असं नाही. मोठमोठे सडे आहेत, बाबांना सपाट चालायला मिळेल. रात्री अंगणात झोपाळलेल्या मुलीला बसवून आकाश दाखवा. थंडी असते, स्वेटर न्या.

धबधब्यांचा आग्रह धरू नका. दिवाळीपर्यंत आंबोलीचा मुख्य धबधबा बारीक झालेला असतो. पावसाळ्यात कावळेसादला बहुतेकांना फक्त ढग दिसतात. तुम्हाला मात्र दरी तळापर्यंत दिसेल. कठड्याच्या आत उभं राहून बघायची. तिथली माकडं हातातलं हिसकावतात, खायला काढू नका.

रिकामटेकडा_ठाणेकर

बेत असा ठरवतोय, चुकत असेल तर सांगा.

भाऊबीजेला दुपारी समानगड. दुसऱ्या दिवशी नदीचा उलटा प्रवास, रात्री चौकुळ. तिसऱ्या दिवशी सकाळी कावळेसाद, मग चंदगडमार्गे पारगड आणि उजेडात नेसरी. चौथ्या दिवशी देवरवाडी-महिपाळगड करून बेळगावहून हायवेला लागायचं, वाट थोडी वाकडी होते पण बाबांना वैजनाथ आणि मला कुंदा. कलानिधीगड या वेळी राहू दे.

शिवाय बायकोला आजऱ्याहून घनसाळ तांदूळ न्यायचाय. नवा मिळेल का?

काजूवाला_चंदगड

तिसरा दिवस जड होतोय. कावळेसाद दुसऱ्या दिवशी संध्याकाळीच करा आणि चौकुळहून नाश्ता करून थेट पारगडाला या. जेवण वर मिळेल या भरवशावर राहू नका, चंदगडातून बांधून घ्या. पेट्रोलही तिथेच भरा, पुढे पंप शोधत बसाल.

निसर्गशाळा

घनसाळ हा उशिरा तयार होणारा भात, दिवाळीत नवा बाजारात आलेला असेलच असं धरू नका. आणि नवा घेऊ पण नका, भात गिचका होतो. मागच्या वर्षीचा जुना मागा. त्या तांदळाला भौगोलिक मानांकन आहे, त्यामुळे 'आजरा घनसाळ' लिहिलेल्या पिशव्या जागोजागी दिसतील. रस्त्यावरच्या दुकानात घेण्याआधी मूठभर हातात घेऊन वास घ्या. त्यापेक्षा सोपं म्हणजे सासऱ्यांना सांगा, ते ओळखीच्या शेतकऱ्याकडून आणून ठेवतील.

रिकामटेकडा_ठाणेकर

सासऱ्यांना आत्ताच फोन केला. वीस किलो बाजूला काढून ठेवलाय म्हणाले. पारगडाला तेही येतायत, म्हणजे आता गाडीत पाच.