श्रमदानाला पहिल्या दिवशी अख्खं गाव, दहाव्या दिवशी सात जण. काय करावं?

कपाशीवाला (अमळनेर तालुका):
राम राम मंडळी. यंदा उन्हाळ्यात नाल्यावर श्रमदान सुरू केलं, नारळ फोडला त्या दिवशी ऐंशी-नव्वद माणसं, डीजे, फोटो सगळं, आणि दहाव्या दिवशी मोजून सात, त्यात तीन आमच्याच घरचे. लोक म्हणतात पोकलेन आणा, फावड्यानं काय होणार. पारावर मीटिंग घेतली की पाण्याचा विषय निघतो आणि भांडण संपतं सरपंचाच्या इलेक्शनवर. विहिरी फेब्रुवारीतच तळाला. कोणाच्या गावात हे खरंच टिकलंय का?

पांझराकाठचा:
आमना गावनी बी हाईच गोठ शे भो. एक सांगा, नाल्यातलं पाणी कोणाच्या विहिरीला लागणार? काठावरच्या दहा-बारा जणांच्या ना, मग माळावरचा माणूस फावडं कशाला मारेल. आमच्याकडे पांझरा नदीवर पाणीवाटपाची जुनी फड पद्धत होती, शेकडो वर्षांची. बंधाऱ्याखालची जमीन तीन-चार फडांत वाटलेली, एका फडात एकच पीक, ऊस तर सगळा ऊस, आणि बहुतेकांचा तुकडा प्रत्येक फडात, म्हणून पाणी कमी पडलं की एखादा फड पडीक ठेवायचा आणि झळ सगळ्यांना लागायची. पाणी सोडणार पाटकरी, मालकानं स्वतः शेतात पाणी वळवायचं नाही. पुढे विहिरी-मोटारी आल्या, ज्याला त्याला स्वतःचं पाणी झालं आणि बरेच फड मोडले. आधी वाटणी ठरवा, मग खोदा.

सातपुडा४२५ (शिरपूर):
पोकलेनला नाक नका मुरडू. आमच्या तालुक्यात २००४ पासून भूवैज्ञानिक सुरेश खानापूरकरांनी नाले खोल-रुंद करून सिमेंटचे बंधारे बांधले ते मशीनवरच. पण आधी जमीन बघा, खाली काळा पाषाण आहे की गाळ, पाणी मुरतं कुठे. एका गावाचं बघून दुसऱ्यानं खड्डे मारले की नुसती डबकी होतात. आणि पाणी वाढलं की पहिली लागते ती पाणीखाऊ केळी, हे रावेर-यावलवाल्यांना विचारा.

लेकुरवाळी:
मीटिंगला बाया किती होत्या दादा? हंडा आम्ही वाहायचा आणि ठराव तुम्ही करायचा. साक्रीतलं बारीपाडा बघून या एकदा, चैत्राम पवारांचं गाव, २०२५ ला पद्मश्री मिळाली त्यांना. उजाड झालेलं चारशेवर हेक्टर जंगल गावानंच राखलं, झाड तोडलं तर दंड, मग तो कोणाचाही असो. दरवर्षी बायांची वनभाजीची स्पर्धा असते. मी गेले तेव्हा एका आजीनं पानावरून भाज्या ओळखून दाखवल्या, मला चारसुद्धा आल्या नाहीत. जंगल राखायचं कशासाठी ते तिला कोणी शिकवावं लागत नव्हतं.

कपाशीवाला:
बाया शून्य, कबूल ताई. पांझराकाठभाऊंचा प्रश्न बरोबर लागला, सात जण यायचे ते सगळे काठावरचेच. आता नियम करू म्हणतो, नाल्यापासून ठराविक अंतरात नवा बोअर नाही. पण गावातला सगळ्यात खोल बोअर माझ्या सख्ख्या काकांचा, त्यांना कोण सांगणार?

लेकुरवाळी:
तुम्ही नका सांगू. काकूंना मीटिंगला बोलवा.