मुंगी नव्हे, भुंगेराच

आपण दिव्याखाली पाहिलेल्या कीटकाला ‘पंख नसलेली काळी-केशरी मुंगी’ म्हटले आहे; परंतु वर्णनावरून तो स्टॅफिलिनिडी या आखूड पंखझाकणांच्या भुंगेऱ्यांच्या कुळातला पीडेरस फ्यूसिपीस हा भुंगेरा असावा, असे वाटते. इंग्रज कीटकशास्त्रज्ञ जॉन कर्टिस यांनी 1826 साली या जातीचे वर्णन केले. लांबी जेमतेम 7-8 मिलिमीटर, डोके काळे, छाती केशरी, त्यामागे धातूसारखी निळी चकाकी असलेला आखूड पट्टा, मग पुन्हा केशरी पोट आणि शेवटची दोन वलये काळी, अशी त्याची ठेवण असते. तो निळा पट्टा म्हणजेच पुढच्या पंखांची कठीण झाकणे होत. ती पोटाचा बहुतांश भाग उघडाच ठेवतात आणि उडण्याचे पातळ पंख त्यांच्याखाली अनेक घड्या घालून बसवलेले असतात, त्यामुळे पंख नाहीत असा समज होणे स्वाभाविक आहे.

ओलसर माती हे त्याचे खरे घर. भातखाचरे, नदीकाठ, दलदलीच्या कडा, कुजणारा पालापाचोळा अशा ठिकाणी तो राहतो आणि पिकावर चढून तुडतुड्यांसारख्या किडी खातो. त्या अर्थी तो शेतकऱ्याचा सोबतीच. डिवचल्यास पोटाचे टोक विंचवासारखे वर उचलतो, पण डंख मारत नाही. त्याच्यामुळे त्वचेवर फोड येतात ते तो चिरडल्यावर अंगातून बाहेर पडणाऱ्या पेडेरिन या विषामुळे, आणि हे विषही मुळात मुख्यतः मादीच्या शरीरातील सहजीवी जिवाणू तयार करतात. म्हणून अंगावर बसल्यास फुंकर घालावी, चापट मारू नये.