ऑनलाइन खरेदी: घोडं अडतं ते यादीपाशी

कर्मचारी बदलाला विरोध करतात म्हणून कंपन्यांत पुरवठादारांकडून माल घेण्याची ऑनलाइन खरेदीप्रणाली रुजत नाही, असं काही जण म्हणतात. थोडंफार खरं आहे, पण माझ्या मते घोडं अडतं ते पुरवठादार आणि वस्तूंच्या यादीपाशी. एकच पुरवठादार तीन नावांनी नोंदलेला, तोच बोल्ट कुठे नगावर तर कुठे किलोवर. हा गोंधळ न निस्तरता नव्या प्रणालीत ओतला की खरेदी ऑर्डर, माल मिळाल्याची नोंद आणि बिल या तिन्हींचा मेळ बसत नाही. बिल अडकतं, पुरवठादार फोनवर फोन करतो आणि सगळे पुन्हा ईमेल-एक्सेलवर येतात. त्यांना विरोधक कसं म्हणायचं?

तंत्रज्ञान काही नवं नाही. अशी प्रणाली बनवणारी अरिबा ही कंपनी १९९६ सालची, २०१२ मध्ये ती सॅप या सॉफ्टवेअर कंपनीने घेतली. ईडीआय, म्हणजे ऑर्डर-बिलं एका कंपनीच्या संगणकावरून दुसऱ्या कंपनीच्या संगणकावर थेट पाठवण्याचं तंत्र, तर त्याच्याही कितीतरी आधीचं.

सुरुवात स्टेशनरी, सुटे भाग अशा ठरलेल्या दरांच्या वस्तूंपासून करावी. वाटाघाटी आणि तांत्रिक तपासणी लागणारी यंत्रसामग्री घाईने त्यात कोंबू नये. आणि कृपा करून छोट्या पुरवठादारांवर या प्रणालीचं पोर्टल वापरण्याची फी लादू नका. ते मागे हटतात ते तिथेच.