उन्हाळ्याच्या सुट्टीत घरी सुरू केलेल्या प्रथा – तुमचे अनुभव लिहा

सुट्टी लागली की शिबिरं शोधायची, असं दोन वर्षं केलं आणि लेकीला त्यातलं आता काहीच आठवत नाही. आठवते ती गच्चीवरची बिनसावलीची दुपार. पुण्यात १३ मेच्या आसपास दुपारी साडेबाराला सूर्य बरोब्बर डोक्यावर येतो, शून्य सावली दिवस म्हणतात त्याला. चार वर्षांपूर्वी सहज म्हणून स्वयंपाकघरातला स्टीलचा उभा डबा घेऊन वर गेलो, बारा पंचवीसला डब्याच्या बुडाशी नखाएवढी सावली होती आणि ती बघता बघता आत ओढल्यासारखी गेली. लेक एवढ्या जोरात ओरडली की खालचे काका वर आले! तेव्हापासून दरवर्षी तोच डबा, त्याच्याभोवती खडूनं गोल ती काढणार, आणि मग जिन्यात बसून पन्हं. असा दिवस वर्षातून दोनदा येतो, पण जुलैतला आमच्याकडे ढगातच जातो, म्हणून मे महिन्यातला आमचा.
तुमच्या घरी असं काही असेल तर लिहा. मोठं काही नको, दरवर्षी न चुकता होणारं असलं की झालं.

*

आमच्याकडे कुरडया. माहेर धुळ्याचं, आता ठाण्यात टू बीएचकेमध्ये राहतो, तरी आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या आधी गहू भिजतातच. तीन दिवस भिजवायचे, रोज पाणी बदलायचं, हे काम मुलाकडे, आंबूस वासानं नाक दाबून का होईना पण तोच करतो. मग गहू वाटून चीक काढायचा, रात्रभर पातेल्यात बसू द्यायचा, सकाळी वरचं पाणी अलगद ओतून खालचा घट्ट चीक शिजवायला घ्यायचा. सोऱ्यात भरायच्या आधी वाटीभर गरम चीक तूप-साखर घालून खायचा, खरं तर सगळा उन्हाळा त्या वाटीसाठीच असतो.
२०२१ मध्ये आई गेली. पुढच्या वर्षी मी विषयच काढला नाही, कारण चीक हाटायला तीच असायची. एप्रिलमध्ये मुलगा शाळेतून आला, दप्तर ठेवलं आणि म्हणाला, "गहू कधी भिजवायचे?" मी बाथरूममध्ये जाऊन रडून घेतलं आणि मग डबा काढला. चिकात गुठळ्या झाल्या, मावशीला व्हिडिओ कॉल लावून ठेवला, ती तिकडून "हाट गं, थांबू नको" म्हणत होती. पहिली कुरडई मुलानं पाडली, वाकडीतिकडी, मधे तुटलेली. ती आजीची म्हणून त्यानं वेगळी वाळवली. अजून छोट्या डब्यात आहे, तळायची नाही असं त्याचंच म्हणणं आहे.

*

वरचं वाचून डोळे भरून आले ताई. आमचं अगदी साधं आहे, चिपळूणजवळ गावी गेलं की पहिल्या संध्याकाळी सगळी भावंडं करवंदांना. घरी आल्यावर ओटीवर बसून एकेक करवंद फोडायचं, आतून लाल निघालं तर कोंबडा, पांढरं निघालं तर कोंबडी, आधी सांगायचं आणि मग फोडायचं. माझे बाबा ७४ चे आहेत आणि नातवंडांसोबत अजून तेवढ्याच जीव तोडून खेळतात.

*

अकोल्याहून लिहितोय. आम्ही आधी रोज संध्याकाळी 'फॅमिली टाइम' ठरवून बघितला, तक्ता वगैरे भिंतीवर लावला, मुलांना ती शाळाच वाटली आणि आठवड्यात बंद पडला. टिकलं ते गच्चीवर झोपणं. सहा वाजता दोघं बादल्यांनी पाणी मारतात, तापलेल्या स्लॅबवरून वाफ निघते, अजून एकदा मारावं लागतं, मग गाद्या. सप्तर्षीवरून ध्रुव शोधल्याशिवाय कोणी झोपायचं नाही हा धाकटीचा नियम. दिवसभर जे बोलत नाहीत ते मुलं अंधारात आपणहून बोलतात, मोठ्याला वर्गात एकजण त्रास देत होता हे मला तिथेच कळलं.

*

आम्ही न्यू जर्सीत. इथे शाळा जूनच्या शेवटी शेवटी सुटते, तोवर तिकडचे आंबे संपलेले, सगळे चुलत-मावस परत शाळेत, त्यामुळे मुलांची सुट्टी कुणाशीच जुळत नाही, याचं फार वाईट वाटायचं. एकदा २१ जूनला मागच्या अंगणात होतो, साडेआठला सूर्य बुडत होता आणि साताऱ्याहून बाबांचा फोन आला, म्हणाले आत्ता उजाडतंय. तिकडे सकाळचे सहा! तेव्हापासून दर २१ जूनला आमचा सूर्य मावळताना मुलं फोन करतात, "आबा, पाठवला हं", आणि आबा गॅलरीत चहा घेऊन उभे. पावसाळा असतो, त्यांना सूर्य बहुतेक दिसतच नाही. मागच्या वर्षी नुसता पावसाचा आवाज आला, मुलांनी फोन स्पीकरवर टाकून गवतात ठेवला आणि इथे पूर्ण अंधार पडेपर्यंत ऐकत बसली.